कळसूबाईचा सूर्योदय : पहाटे आपले आपण चढताना

दिवाळी सरली की वाचकांकडून एक प्रश्न हमखास येतो. "कळसूबाईवरून सूर्योदय बघायचाय, बारीतून किती वाजता चढायला लागू?" त्याच्या मागोमाग बाकीचे येतात. गाइड घ्यावाच लागतो का? रात्री कुणी अडवतं का? आईला नेता येईल का? मुंबईहून रात्री निघून थेट चढलं तर चालेल का?

चार ठिकाणी विचारलं तर चार उत्तरं मिळतात. कुणी रात्री बाराला निघा म्हणतो, कुणी चारला. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण महिना कोणता, चाल कशी, आदल्या रात्री झोप झाली होती की नाही, हे दोघंही सांगत नाहीत. उत्तर या तीन गोष्टींवर अवलंबून असतं.

त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. माथ्यावर सूर्य उगवतो तेव्हा तुमचा निम्माच ट्रेक झालेला असतो. बहुतेकांचं सगळं नियोजन चढाईपुरतं असतं, आणि पाय मुरगळतो, तोल जातो तो उतरताना. खरी जोखीम तर त्याहून पुढे असते, रात्रभर जागलेला माणूस घाटात गाडी चालवायला बसतो तेव्हा. म्हणून घरातून निघण्यापासून घरी परतण्यापर्यंतचा हिशेब एकत्र मांडा.

डोंगराची थोडक्यात ओळख

कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. अकोले आणि इगतपुरी तालुक्यांच्या, म्हणजेच अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) आणि नाशिक जिल्ह्यांच्या सीमेवर ते उभं आहे. रुळलेली वाट अकोले तालुक्यातल्या बारी गावातून जाते. इगतपुरीच्या बाजूने इंदोरे गावातूनही वाट आहे, पण ती कमी वापरातली. पहिल्यांदा आणि अंधारात जाणाऱ्यांनी तिचा विचारही करू नये.

बारीतून एका बाजूचं अंतर सहा-साडेसहा किलोमीटरच्या आसपास, आणि चढ आठशे-नऊशे मीटरांचा. रोज चालणाऱ्या माणसाला वर जायला तीन तास धरा, सवय नसलेल्याला साडेतीन ते चार. उतरायला दोन ते अडीच तास. डोंगर तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, दोर लागत नाही, कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. पण चढ सलग आहे आणि तो दम काढतो.

आधी ठरवा: सूर्योदय माथ्यावरच हवा का?

तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत.

- काळोखात चढून सूर्योदय माथ्यावर. आधी एकदा उजेडात ही वाट केली असेल, किंवा सोबत ती केलेला माणूस असेल, तर हा पर्याय घ्या.
- पहाटे उशिरा निघून सूर्योदय वाटेत. सूर्योदयाआधी तासभर निघायचं. गावाजवळचा सोपा टप्पा टॉर्चच्या उजेडात होतो आणि पहिल्या शिडीपर्यंत फटफटलेलं असतं. सूर्य सोंडेवरच्या मोकळ्या जागेतून बघायचा.
- उजाडल्यावर निघणं. घरातली मुलं आणि वडीलधारी माणसं सोबत असतील तर हाच.

पहिल्यांदा आणि गाइडशिवाय जाणाऱ्यांना मी दुसरा पर्याय सुचवतो. माथ्यावरचा सूर्योदय सुंदर असतोच, पण हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी तो बघायला मोठी गर्दी असते, आणि ती सगळी गर्दी काळोखात त्याच शिड्यांवर एकामागे एक लागलेली असते. तुम्ही शिडीशी पोचाल तेव्हा वरून काही जण उतरायला लागले असतील, हा दुसऱ्या पर्यायातला तोटा खरा आहे. पण तिथे तुम्हाला पाय कुठे पडतोय ते दिसत असतं. मधल्या वारी जाता आलं तर हा प्रश्नच बराचसा मिटतो.

वेळ उलटी मोजा

सूर्योदयापासून मागे यायचं. बारीच्या परिसरातल्या सूर्योदयाच्या वेळा साधारण अशा:

- ऑक्टोबरअखेर: ६.३५
- नोव्हेंबरअखेर: ६.५०
- डिसेंबरचा मध्य: ७.००
- जानेवारीचा मध्य: ७.१०
- फेब्रुवारीअखेर: ६.५५
- मार्चअखेर: ६.३०

नेमकी वेळ त्या दिवशीच्या दिनदर्शिकेत पाहा, दोन-चार मिनिटांचा फरक पडेल. पूर्वेकडचे रंग सूर्य वर येण्याच्या अर्धा तास आधी सुरू होतात, त्यामुळे तेवढं लवकर पोचणं चांगलं. उदाहरण घेऊ. डिसेंबरचा मध्य, सूर्योदय सातला, माथ्यावर साडेसहाला पोचायचं. गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याचे साडेतीन तास वजा केले की तीन वाजले. शिड्यांवरच्या खोळंब्यासाठी आणखी पंधरा-वीस मिनिटं वजा करा. म्हणजे पावणेतीनच्या आधी बारीतून पाय उचलायचा.

मध्यरात्री निघून पहाटे चारला माथ्यावर पोचणारे बरेच असतात. तसं करू नका. घामाने भिजलेले कपडे, उघडा माथा, बोचरा वारा आणि सूर्योदयाला अजून तीन तास. हुडहुडी भरते, अंग आखडतं, आणि त्या आखडलेल्या अंगाने पुढे शिड्या उतरायच्या असतात. उशीर झाला तर वाटेत सूर्य बघता येतो, पण फार लवकर पोचल्यावर थंडीवर उपाय नसतो.

चंद्राचाही विचार करा, पंचांग इथे खरंच उपयोगी पडतं. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, तुमच्या चढाईला त्याचा उपयोग नाही. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्री उगवतो आणि पहाटे चांगला वर आलेला असतो. म्हणजे पौर्णिमेपासून वद्य अष्टमी-नवमीपर्यंतचे दिवस पहाटेच्या चढाईला सोयीचे. अमावास्येच्या आसपास तारे अप्रतिम दिसतात, पण वाट पूर्णपणे टॉर्चवर.

महिना कोणता निवडावा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, आकाश बहुधा निरभ्र, आणि परतताना ऊन सोसवणारं. डिसेंबर-जानेवारीत माथ्यावरची थंडी मुंबई-ठाण्याच्या माणसाला कल्पनेपेक्षा जास्त वाटते. हवा शांत असली तरी उंचीमुळे गावापेक्षा पाच-सहा अंश कमी भरतात, आणि वाऱ्यामुळे ती आणखी झोंबते.

जून ते सप्टेंबर सूर्योदयासाठी जाऊ नका. हा भाग घाटमाथ्याचा, पाऊस धो-धो. माथा बहुतेक वेळ ढगात असतो, म्हणजे दिसणार काहीच नाही, वर ओली शिडी आणि शेवाळलेला दगड. पावसाळ्यात अतिवृष्टीच्या दिवसांत जिल्हा प्रशासन पर्यटनस्थळांवर मनाई आदेशही काढतं. सप्टेंबरअखेर सोनकीने उतार पिवळे झालेले असतात, तेव्हा जा, पण दिवसाउजेडी.

एप्रिल-मे मध्ये पहाटेची वेळ सुखाची असते, मात्र नऊनंतर उतरताना सावली नसते. शिवाय वळवाचे ढग दुपारनंतर जमतात. परतीच्या पावसात, ऑक्टोबरमध्येही तेच. गडगडाट ऐकू आला की माथा आणि लोखंडी शिड्यांपासून लांब राहायचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' हे अॅप वीज पडण्याच्या शक्यतेचा इशारा देतं, फोनमध्ये ठेवा.

नवरात्रात देवीची यात्रा असते. पंचक्रोशीतले भाविक त्या दिवसांत वर येतात. तेव्हा आपण त्यांच्या वाटेत पाहुणे आहोत हे ध्यानात ठेवूनच जा, नाहीतर दुसरा दिवस निवडा.

बारीला पोचणं, आणि झोपणं

- मुंबई-ठाणे: नाशिक महामार्गाने कसारा घाट, इगतपुरी, घोटी. घोटीहून राजूर-अकोल्याच्या रस्त्याला वळलं की बारी. रेल्वेने कसाऱ्यापर्यंत लोकल, किंवा लांब पल्ल्याच्या गाडीने इगतपुरी. तिथून पुढे जीप.
- नाशिक: घोटीमार्गे, दीड-दोन तासांत.
- पुणे: संगमनेर, अकोले, राजूरमार्गे. अंतर मोठं आहे, त्यामुळे एका रात्रीत जाऊन चढून परतायचा बेत करू नका.

कसाऱ्याला रात्रीच्या लोकलने उतरून जीप करणं ट्रेकर मंडळींमध्ये रूढ आहे. जीपचं भाडं बसायच्या आधी ठरवा, आणि परतीचीही बोली तेव्हाच करा. ड्रायव्हरही रात्रभर जागा असतो, हेही विसरू नका. तो पेंगत असेल तर थांबायला सांगा, चहा पाजा, बोलत राहा.

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे आदल्या दिवशी संध्याकाळी बारीत किंवा भंडारदऱ्याला मुक्काम. गावात घरगुती राहण्याजेवण्याची सोय मिळते. आठ-साडेआठला जेवून नऊला आडवं व्हा, दोनला उठा. पाच तासांची झोपसुद्धा जागरणापेक्षा कितीतरी पटींनी बरी. उजेडात एकदा गावाबाहेरच्या वाटेपर्यंत फेरीही मारून या. पहाटे चुकतं ते बहुधा तिथेच.

वाट कशी आहे

गावातून निघून, ओढा ओलांडून, वाट शेतांमधून डोंगराच्या पायथ्याशी जाते. खाचरांच्या बांधांवरून, घरांच्या आडून अनेक पायवाटा फुटतात, त्यामुळे काळोखात गोंधळ होतो. चुकलात असं वाटलं तर शेतातून आडवं घुसू नका, शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे या. नकाशा इंटरनेटशिवाय चालेल असा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. डोंगरावर नेटवर्क सलग मिळत नाही.

पायथ्याकडे देवीचं एक छोटं देऊळ लागतं. ज्यांना वर जाणं झेपत नाही ते भाविक इथूनच दर्शन घेतात. घरातलं वडील माणूस सोबत असेल आणि त्याला दम लागत असेल, तर इथपर्यंत येऊन मागे फिरणं ही इथल्या लोकांचीच रीत आहे, त्यात कमीपणा मानू नका.

मग चढ सुरू होतो. मुरमाड उतार, कोरलेल्या आणि बांधलेल्या पायऱ्या, आणि कातळाच्या टप्प्यांवर तीन-चार ठिकाणी लोखंडी शिड्या. मधली पठारं दम खायला चांगली. शेवटच्या शिडीआधी एक मोकळी जागा आणि विहीर आहे. इथे बसून श्वास सावरा, घामाचा सदरा बदला, गरम कपडे चढवा आणि मग शेवटचा टप्पा घ्या. कपडे माथ्यावर जाऊन बदलू म्हणाल तर वारा तोवर गारठवून टाकेल.

माथ्यावर कळसूबाईचं लहानसं देऊळ. आसपास अलंग, मदन, कुलंगची रांग, रतनगड, आणि प्रवरेवरच्या भंडारदरा धरणाचा जलाशय. देवळाच्या दारात पाय पसरून बसणं, जोत्यावर चढून फोटो काढणं, मोठ्याने गाणी लावणं इथल्या माणसांना खुपतं, आणि खुपायलाच हवं. डोंगरभरच्या महादेव कोळी वस्त्यांची ही देवी आहे.

शिड्यांवर कसं वागायचं

बहुतेक माणसं चढ निभावतात, घाबरतात ती शिड्यांवर. घाबरण्यासारखं फारसं नाही, पण शिस्त हवी.

- दोन्ही हात मोकळे हवेत. टॉर्च डोक्याला, फोन खिशात, काठी पिशवीला बांधलेली.
- एका वेळी तीन आधार पक्के: दोन हात एक पाय, किंवा दोन पाय एक हात.
- पुढच्या माणसाच्या टाचा तुमच्या तोंडाशी येतील इतकं चिकटून चढू नका. त्याच्या पायाखालचा दगड तुमच्यावर येतो.
- उतरताना तोंड शिडीकडे. पाठ करून उतरण्याचा मोह आवरा, विशेषतः तीव्र टप्प्यावर.
- वरून येणारे आणि खालून जाणारे एकाच वेळी शिडीवर नकोत. हाक मारून विचारा, "वर कुणी आहे का?"
- शिडीवर सेल्फी नाही, थट्टा नाही, घाई लावणं नाही. मागून कुणी ओरडत असेल तर त्याला ओरडू द्या.
- पहाटे दव पडून लोखंड ओलं आणि थंडगार होतं. पकड देणारे पातळ हातमोजे उपयोगी पडतात, लोकरीचे निसरतात.

मुलांबाबत वयापेक्षा एक सोपी कसोटी लावा. गज स्वतः धरून, रडारड न करता चढता-उतरता येतं का? येत नसेल तर थांबा. मुलाला कडेवर किंवा पाठुंगळी घेऊन शिडी चढणं कधीही नको.

पाठपिशवीत काय

- हेडटॉर्च आणि जास्तीचे सेल, प्रत्येकाची वेगळी. फोनच्या टॉर्चवर विसंबू नका. बॅटरी संपते आणि फोन लागेल तेव्हा बंद असतो.
- माणशी किमान अडीच-तीन लिटर पाणी. सुट्टीच्या दिवशी वाटेत सरबत-चहाच्या टपऱ्या लागतात, पण पहाटे तीनला त्या उघड्या असतील हे गृहीत धरू नका. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मिळेलच असं नाही, मिळालं तरी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका.
- खाणं: गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की, दशम्या, केळी. चढताना दर तासाला थोडं. पोटभर खाऊन चढू नका, उपाशीही नको.
- सुका सदरा, कानटोपी, वारा अडवणारं जाकीट.
- उतरताना लागणारी टोपी. पहाटे निघताना तिची आठवण कुणालाच होत नाही.
- खोल खाचांचे, आधी वापरलेले बूट. नवेकोरे घालून येऊ नका.
- बँडेज, क्रेप, जंतुनाशक, ओआरएस, तुमची रोजची औषधं.
- शिट्टी. संकटात मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा वाजवायची.
- कचऱ्यासाठी रिकामी पिशवी.

वरच्या वाटेवर स्वच्छतागृह मिळेल असं धरून चालू नका. मुक्कामाच्या घरी आवरूनच निघा. बायकांनी या कारणासाठी पाणी कमी पिणं हा उपाय नाही, त्याने पायात गोळे येतात आणि चक्कर येते. सोबत ओढणी किंवा मोठी छत्री ठेवा, गटातल्या पुरुषांनी न विचारता पुढे जाऊन थांबावं, आणि वापरलेले पॅड, कागद बंद पिशवीत परत आणावेत.

गाइड घ्यावा का?

वाट रुळलेली आहे, उजेडात चुकायची शक्यता कमी. म्हणून दिवसा आपले आपण जाणं शक्य आहे. काळोखात पहिल्यांदा जात असाल तर गावातला माणूस घ्या, हे माझं स्पष्ट मत. तो वाट दाखवतोच, शिवाय कुठल्या दगडाशी माणसं घसरतात, कुठे मधमाश्यांची पोळी आहेत, ढग उठतील की नाही, हे त्याला माहीत असतं. मानधन आदल्या संध्याकाळी ठरवा, घासाघीस करू नका, आणि त्याच्या नाश्त्याचा खर्च तुमचा.

गाइडशिवाय जाताना गट चार ते सहा जणांचा बरा. एकट्याने काळोखात जाऊ नका. दोघं असाल आणि एकाचा पाय मुरगळला तर दुसऱ्यापुढे थांबायचं की मदतीला जायचं हा पेच उभा राहतो, म्हणून किमान तिघं. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, अनुभवी माणूस शेवटी. फाट्यावर सगळे जमल्याशिवाय पुढे जायचं नाही.

घरच्या एका माणसाला लिहून पाठवा: कोण कोण, कुठून, किती वाजता चढणार, किती वाजेपर्यंत उतरून फोन करणार, आणि तो आला नाही तर कुणाला कळवायचं.

माघार कधी घ्यायची

निघायच्या आधीच ठरवा, कारण माथा जवळ दिसू लागल्यावर डोकं ऐकत नाही.

- छातीत दाबल्यासारखं होणं, हात-जबड्याकडे जाणारी कळ, न थांबणारी धाप: ताबडतोब थांबा, बसा, मदत मागा. "थोडं बसून बरं वाटेल" म्हणून पुढे चढू नका.
- गटातला कुणी अडखळायला, तुटक बोलायला लागला.
- दाट धुकं उतरलं आणि पुढची खूण दिसेना.
- गडगडाट.
- एखाद्याची टॉर्च गेली आणि दुसरी नाही. उजाडेपर्यंत जागीच थांबा.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, गुडघ्याची शस्त्रक्रिया, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बेतच करू नका. दम्याचा पंप असणाऱ्यांनी तो पिशवीच्या तळाशी टाकू नये, वरच्या खिशात ठेवावा.

नियम, आणि तुमचे हक्क

हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली ते घोषित झालं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यातला प्रवेश वन विभागाच्या परवानगीने आणि शुल्काने नियंत्रित करता येतो. त्यामुळे रात्रीच्या प्रवेशाची, शुल्काची चौकशी आदल्या दिवशी बारीतच करा. वेळा आणि दर बदलतात, जुन्या माहितीवर भांडू नका.

- कुणीही शुल्क मागितलं तर पावती मागा. वन विभाग, ग्रामपंचायत, संयुक्त वन व्यवस्थापन समिती, वाहनतळ, प्रत्येकाची वेगळी असू शकते. पावतीवर कुणाचं नाव आहे ते वाचा. पावती न देणाऱ्याला शांतपणे नकार देऊन वनरक्षकाला किंवा गावच्या सरपंचांना विचारा.
- अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ओळखपत्र विचारणं हा तुमचा हक्क आहे. आदेश लेखी असेल तर तो दाखवा म्हणा. आदेश खरा असेल तर मात्र मागे फिरा.
- शेकोटी नाही. अभयारण्यात आग लावणं किंवा पेटती ठेवून जाणं गुन्हा आहे, आणि हिवाळ्यातलं वाळलेलं गवत ठिणगीची वाटच बघत असतं.
- तंबू लावायला जंगलात वन विभागाची, शेतात मालकाची परवानगी हवी.
- ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. दारू नेऊ नका.
- पैसे घेऊन ट्रेक काढणाऱ्यांबरोबर जात असाल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे त्यांची नोंदणी आहे का, विमा आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेला माणूस आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर टाळणाऱ्यांकडे जाऊ नका.

हीच पहाट एखाद्या किल्ल्यावर घालवायचा विचार असेल तर एक फरक ध्यानात घ्या. केंद्राकडे संरक्षित असलेली स्मारकं सर्वसाधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त खुली असतात. तिथे काळोखात चढणं नियमाबाहेर ठरू शकतं, आधी चौकशी हवीच.

गावाच्या बाजूनेही विचार करा. पहाटे अडीचला पन्नास माणसं अंगणातून बोलत, हसत, टॉर्च खिडकीत मारत जातात. आत माणसं झोपलेली असतात, सकाळी त्यांना कामावर जायचं असतं. वस्ती ओलांडेपर्यंत कुजबुजत चला, उजेड पायाशी ठेवा.

काही झालंच तर

आधी ११२ ला फोन. रुग्णवाहिकेसाठी १०८. वन विभागाची मदतवाहिनी १९२६. डोंगरातल्या शोध-बचावासाठी अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाचं बचाव समन्वय केंद्र आहे, त्याचा चालू क्रमांक निघण्यापूर्वी शोधून कागदावर लिहून ठेवा. फोन करताना सांगा: बारीच्या वाटेवर, कितव्या शिडीच्या वर की खाली, किती जण, काय झालंय, रुग्ण शुद्धीवर आहे का. फोन लागत नसेल तर दोघांना गावात पाठवा. जखमीला बारीचीच माणसं खांद्यावर घेऊन खाली आणतात, हे तुम्हाला सगळीकडे ऐकायला मिळेल.

साप चावला तर दोरी आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. माणसाला आडवं ठेवा, चावलेला हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर करा, अंगठी-घड्याळ काढा आणि कमीत कमी हालचाल करत सरकारी रुग्णालयात न्या. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

मधमाश्या उठल्या तर हात झटकू नका. तोंड-डोकं कापडाने झाका आणि लांब जा. कड्याच्या बाजूला मात्र पळू नका. अत्तर, धूर आणि आरडाओरडा यांनी त्या चवताळतात.

अकोले तालुक्यात बिबट्या आहे. गटाने, बोलत, उजेड घेऊन चालणाऱ्या माणसांच्या वाटेला तो सहसा जात नाही. दिसलाच तर पळू नका, वाकू नका, एकत्र राहून सावकाश मागे सरका.

उतरताना

सूर्योदयानंतर माथ्यावर तासभरापेक्षा जास्त रेंगाळू नका. आठच्या सुमारास निघालात तर साडेदहाच्या आत गावात असाल, ऊन चढायच्या आधी. निघण्यापूर्वी काहीतरी खा, पाणी प्या. बुटाच्या नाड्या पुन्हा घट्ट बांधा, म्हणजे बोटं पुढे आपटून नखं काळी पडत नाहीत.

पावलं लहान टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा. मुरमाड घसाऱ्यावर सरळ खाली न जाता तिरकं उतरा. टाचा रोवून रेटत जाणारी माणसं तिथेच बसकण मारतात. काठी असेल तर इथे काढा, चढापेक्षा उताराला ती जास्त उपयोगी. पळत उतरणारी पोरं बाजूने जातील, त्यांना वाट द्या आणि आपला वेग बदलू नका. रात्रीची झोप अपुरी असेल तर हाच टप्पा लक्ष विचलित होण्याचा असतो. दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं बसा.

गावात परतल्यावर

- घरी फोन करा. वाट बघणारं माणूस मदत मागवायच्या बेतात असेल.
- जेवण गावातच घ्या. पिठलं-भाकरी, ठेचा, भात सांगून ठेवायचा असतो, आदल्या रात्रीच माणसं मोजून सांगा. सांगितलेलं जेवण न खाता निघून जाणं घरच्या बाईच्या कष्टांवर पाणी ओतणं आहे. बेत बदलला तरी पैसे द्या.
- गाडी चालवणाऱ्याने किमान दोन तास झोपल्याशिवाय चावी हातात घेऊ नये. चहा, गार पाणी, मोठ्याने गाणी यांनी झोप जात नाही, फक्त थोडी पुढे ढकलली जाते, आणि कसारा घाट पुढे असतो. शक्य असेल तर न चढलेला चालक ठेवा किंवा भाड्याची गाडी करा.
- कचरा गावच्या कुंडीत टाकून मोकळं होऊ नका, शहरात घेऊन जा. गावाकडे तो जिरवायची सोय नसते.

पुढचे दोन दिवस मांड्या आणि पोटऱ्या दुखतील, जिना उतरताना जास्त. हे स्वाभाविक आहे. हलकं चालणं, पाणी, झोप यांनी तिसऱ्या दिवशी बरं वाटतं. पण एकाच सांध्यात सूज आली, पाय टेकवेना, किंवा लघवी गडद चहासारखी झाली तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.